मरीआईच्या नावाची तलंग

आमच्या घरमालकीणबाईंना कुणी "काकू, बऱ्या आहात ना?" असं विचारलं, तर त्या आधी दचकून मागं बघायच्या आणि मग हलक्या आवाजात म्हणायच्या, "न्हाय बाई. लई वाईट चाललंय." हे सांगताना बाई स्वतः धडधाकट असायच्या, चुलीवर कालवण रटरटत असायचं आणि भाड्याच्या दोन्ही खोल्या भरलेल्या असायच्या. नवखा माणूस हळहळायचा. जुना माणूस ओळखायचा की काकूंचं उत्तम चाललं आहे.

लग्न होऊन मी मंगळवेढ्याहून सोलापुरात आले ती थेट त्यांची भाडेकरू म्हणून. पहिल्याच दिवशी मी बोलून गेले, "काकू, जागा छान हाय की तुमची. वारं लई येतंय." त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. खरोखर ठेवला, आणि तोही पिठाचा. "असं बोलू नगंस. गळतंय ते. ढेकनं हायती." पत्रा गळत नव्हता आणि ढेकूण औषधालासुद्धा नव्हता. माझा नवरा म्हणाला, बाई चक्रम दिसतायत. मला काही हसू आलं नाही. तोंडावर हात ठेवताना त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी अगदी जवळून पाहिली होती.

कुणीतरी सारखं ऐकत असतं, अशी काकूंची पक्की समजूत होती. चांगलं काही कानावर पडलं की त्याला ते हवंसं वाटतं आणि मग ते घेऊन जातं. तेव्हा चांगलं बोलायचंच नाही. दूध छान तापलं की "नासलं मेलं." त्यांचे यजमान गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, आयुष्यात सुपारीचं खांड चघळलं नाही त्या माणसानं. पण "कसे हायेत मालक?" म्हटलं की काकू ठरलेलं उत्तर द्यायच्या, "काय सांगू, लई पित्यात." बिचारे गेले तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, दारूनं गेले. हे काकूंनी मला स्वतः सांगितलं आणि वर म्हणाल्या, "म्हणून तर तेवढी वर्सं टिकलं."

नावानं तर त्या कुणालाच हाक मारत नसत. मी 'मंगळवेढं'. मागच्या घरात विणकरांचं कुटुंब होतं, तिथल्या तेलुगू बाई 'मागवाली अक्का', कारण त्यांच्याकडं दिवसभर मागाची खटखट चालायची. आणि स्वतःची एकुलती एक लेक, गोरीपान, हसरी, ती 'दगडी'. तिचं खरं नाव मला फार पुढं कळलं. "आईनं दगड दगड म्हणून वाढवली, म्हणून जगले म्हणं मी," असं म्हणून ती खो-खो हसायची. काकू हसायच्या नाहीत, कारण लेकीच्या आधीचा मुलगा त्यांनी नावानं हाक मारून वाढवला होता आणि तो राहिला नव्हता.

ती दगडी बार्शीकडं दिली होती. तिचं एक पोट अर्ध्यात गेलं होतं. दुसरं दिवस भरून आलं, पण रडलं नाही. दुष्काळाच्या वर्षी मार्गशीर्षात बार्शीहून निरोप आला आणि काकूंनी मला परड्यात बोलावून कानाशी तोंड आणून सांगितलं, "दगडीचं पोट दुखतंय." मी घाबरून विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? त्यांनी मला असा चिमटा घेतला की मला कळलं.

त्याच आठवड्यात अक्कांच्या कोंबडीनं पिल्लं काढली. काकूंनी त्यातलं एक मागून आणलं, तांबूस रंगाचं, चपळ. मंगळवारी डोक्यावरून न्हाल्या, पिल्लाच्या टाळूला हळदीकुंकू लावलं, खूण म्हणून एका बोटाची नखी जराशी छाटली आणि ते मरीआईच्या नावानं सोडलं. नवस असा, की दगडीचं सुखरूप सुटलं तर आषाढात आईला तलंग देईन. तलंग म्हणजे भरल्या अंगाची, पण अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. देवीला ती तशीच लागते. अंडी घातलेली चालत नाही.

"अन तवर घातलं अंडं तर?" मी विचारलं.

काकू खाली बसल्या. "थोरल्याच्या वक्ताला तसंच झालं. पटकीची साथ हुती. मी नवस बोलले. त्यो बरा झाला, मी कोंबडी नेली, दिली. घरी येऊन बघती तर खुराड्यात अंडं. कवा घातलं कुणाला ठावं. मला काय म्हाईत न्हवतं गं. पर तिला म्हाईत हुतं." मुलगा त्याच महिन्यात गेला होता.

तेव्हापासून आमच्या घरात अंड्याची जी दहशत बसली ती सांगून खरी वाटणार नाही. साऱ्या सोलापुरात बायका कोंबड्यांनी अंडी घालावीत म्हणून डोळे लावून बसलेल्या, आणि काकू आपल्या कोंबडीनं घालू नये म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेल्या. तिला रेशनवरची तांबडी मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, तीही मोजकी. माझ्या वडिलांनी मंगळवेढ्याहून पायली-दोन पायली ज्वारी पाठवली होती. मी निवडताना मूठभर परड्यात टाकायला गेले तर काकूंनी वरच्या वर माझा हात धरला. "शाळू घालतीस? अंग भरंल की तिचं!" कोंबडा गल्लीत दिसला की त्या चप्पल घेऊन धावायच्या. गल्लीतला एक कोंबडा तर काकूंच्या दाराशी आला की आपसूक रस्ता बदलायचा.

आणि खरोखरच ती कोंबडी मागं पडली. फाल्गुनात दगडी बाळंतपणाला माहेरी आली, चैत्र गेला, वैशाख लागला. अक्कांच्या घरी तिच्याबरोबरच्या बहिणी अंड्यावर आल्या. हिचा पत्ता नाही. तुरा लाल झाला, पण अंडं नाही. अक्का भल्या मनाच्या. त्या येऊन म्हणायच्या, "काकू, चुना देवा तिला. अंड्याची टरफलं कुटून घाला. आमच्या असंच करतो आमी, लगेच घालतंय." काकूंचा चेहरा पांढरा पडायचा. "वांझ हाय ती," त्या मोठ्यानं म्हणायच्या, भिंतीपलीकडं जावं एवढ्या मोठ्यानं. "काय उपेगाची न्हाय."

"मग सोडून द्या की. मी दुसरी देतो, अंडं न घातलेली," अक्का आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणायच्या.

"आईच्या नावाची सोडलीया ती. तिला काय बाजार दावायचा व्हय?"

दगडी सगळं ऐकायची. तिला आईची गंमत वाटायची, पण एकदा मी तिच्या पायाला तेल लावत होते तेव्हा ती एकदम म्हणाली, "वैनी, कोंबडीनं न्हाय ना घातलं?" आणि माझ्याकडं न बघता परड्याच्या दाराकडं बघत राहिली. मग मीही बघायला लागले. शिकलेली होते, सातवी पास. पण सकाळी उठलं की चूल पेटवण्याआधी मी परड्यात जाऊन राखेचा ढीग, सरपणाची फट आणि खुराड्याचा कोपरा बघून यायची. रिकामं दिसलं की मगच काडी ओढायची. भीती ही उवांसारखी असते, एका घरात एकीला झाल्या की सगळ्यांना होतात.

ज्येष्ठात एका सकाळी दगडीला कळा सुरू झाल्या. मी टांगा बोलावून आणला. काकू लुगड्याच्या घड्या, बाळाची दुपटी, सगळं बांधून बसलेल्याच होत्या. गाठोडं उचलून त्या उंबऱ्याशी आल्या आणि परड्यातून कोंबडी ओरडली.

कोंबडी किती तऱ्हांनी ओरडते हे ज्यानं पाळली आहे त्याला माहीत. घार दिसल्यावर वेगळं, भुकेचं वेगळं. आणि अंडं घालून उठल्यावर गावभर सांगत सुटते ते वेगळंच. त्यात चूक व्हायला जागा नाही. काकूंनी गाठोडं माझ्या हातात दिलं आणि मागं गेल्या. मला राहवलं नाही, मी पाठोपाठ गेले.

सरपणाच्या मागं अंडं होतं. पहिलटकरणीचं असतं तसं लहानसं, आणि त्याच्यावर रक्ताची एक बारीक रेघ. पहिल्या अंड्यावर कधी कधी येते तशी, हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. टांग्यात दगडी कण्हत होती, ते इथपर्यंत ऐकू येत होतं.

काकूंनी अंडं उचललं. आभाळाकडं बघितलं, देवळाच्या दिशेला बघितलं. मग पाठ फिरवली, देवळाकडं पाठ केली, अंडं खुराड्याच्या कडेवर फोडलं आणि तोंड वर करून कच्चंच गिळलं. टरफल चुरगाळून तेही तोंडात कोंबलं आणि करकर चावून खाल्लं. ओठाला पांढरं लागलं होतं ते पदरानं पुसलं. ज्या देवीच्या नुसत्या नावानं या बाईला कापरं भरायचं तिच्याशी ती धडधडीत चोरी करत होती.

"तू काय बघितलंस?" त्या म्हणाल्या.

"काय न्हाय, काकू."

"मी बी न्हाय बघितलं," त्या म्हणाल्या आणि टांग्याकडं धावल्या.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दुपारपर्यंत बसलो. आतून ओरडणं आलं की काकू माझं मनगट दाबायच्या, इतकं की बांगडी रुतली. नर्स बाहेर येऊन म्हणाली, मुलगा झाला, दोघं ठीक आहेत. काकू तिला म्हणाल्या, "काळं असंल. किरकिरं असंल. टिकतंय कशाचं." नर्स संतापली. तिला काय माहीत, म्हातारीला मी काखेत धरून उभी केली होती.

एकदा अंड्यावर आलेली कोंबडी थांबते थोडीच. ती आता एक दिवसाआड घालायला लागली, आणि प्रत्येक वेळी परड्यात उभी राहून दवंडी पिटायची. काकू धावत जायच्या आणि खायच्या. कच्चंच, टरफलासकट. एकदा अक्का कुंपणावरून ओरडल्या, "काकू, अंडं घातलं की हो तुमच्या कोंबडीनं!"

"साप!" काकू म्हणाल्या. "सापाला बघून वरडतीया ती!"

झालं. अक्कांचे दोन दीर माग सोडून काठ्या घेऊन आले. सरपण उपसलं, राखेचा ढीग उधळला, न्हाणीच्या मोरीत काठी घातली. काकू मध्ये उभ्या राहून "तितं बघा, हितं बघा" करत होत्या, अंडं कमरेला ओच्यात, आणि चेहऱ्यावर भीती अशी की कुणालाही साप खराच वाटावा. शेवटी ते दोघं "निघून गेला असंल" म्हणून परत गेले. दगडी मात्र घाबरून बाळाला छातीशी धरून दोन दिवस खाटेवरून उतरली नाही. तिला सांगायची काकूंना सोय नव्हती आणि मला तोंड नव्हतं.

बारसं झालं. आषाढ लागला. पहिल्या मंगळवारी कोंबडी न्यायची असं ठरलं आणि सोमवारी बाळाचं अंग तापलं. डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली, पण ताप हटेना. बाळ दूध ओढेना. दगडी नुसती बघत बसली होती, रडतही नव्हती. काकूंनी मला खूण करून बाहेर बोलावलं. त्या खोलीत काय बोलायचं त्याची त्यांना आता भीती वाटत होती.

"तिला कळलंय," देवळाच्या दिशेला बघत त्या म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघी देवळात गेलो. कोंबडी काकूंच्या काखेत, टाळूला पुन्हा हळदीकुंकू. दुष्काळामुळं त्या साली गर्दी दांडगी होती. साऱ्यांना पाऊस मागायचा होता. रांगेत पुढं सरकताना काकूंनी कोंबडीची चोच मुठीत धरून ठेवली होती. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. द्यायची आणि गप्प यायचं. पोटात अंड्यांची माळ निघेल ती फक्त कापणाऱ्याला दिसेल. मीही तेच म्हणत होते. देवी रागावेल याची भीती होतीच, पण न देता परत गेलो तर काय होईल याची जास्त होती.

पुजाऱ्यानं कोंबडी हातात घेतली, नखी बघितली. "तलंग हाय न्हवं?"

काकूंनी तोंड उघडलं. मला वाटलं आता 'व्हय' म्हणतील. मागच्या बायका पुढं रेटत होत्या, हलगी वाजत होती. काकूंनी पुजाऱ्याच्या हातातून कोंबडी परत काढून घेतली आणि देवीच्या तोंडाकडं बघून बोलायला लागल्या. ज्या बाईनं जन्मभर कुजबुजून काढलं, तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"आई, ही तलंग न्हाय. अंडी घालतीया. पोरगं जन्माय आलं त्याच्या आदुगर घातलं. मी खाल्लं, तुज्यापास्नं चोरून, टरफलासकट. पोरीला ठावं न्हाय. पोराला ठावं न्हाय. खाल्लं मी. तर काय करायचं ते मला कर. लावायचा तेवढा येळ लाव, मी कुटं पळून जात न्हाय. पर त्याच्या अंगाला हात लावू नगंस."

हलगी थांबली. आजूबाजूच्या बायका मागं सरकल्या, जणू काकूंच्या अंगावर वीज पडणार आणि आपल्याला झळ लागणार. पुजारीही गडबडला. "बाई, मग आणली कशाला?" तो म्हणाला. "तिची हाय, तिला दावाय आणली," काकू म्हणाल्या. त्यांनी कोंबडी देवळासमोर जमिनीवर सोडली आणि मागं वळून न बघता चालायला लागल्या. त्या कोंबडीचं पुढं काय झालं कोण जाणे. कुणाच्या तरी चुलीवर गेली असेल.

दोन दिवसांनी बाळाचा ताप उतरला. औषधानं उतरला असेल. दगडी हसायला लागली, बार्शीहून जावई येऊन पेढे वाटून गेले. मला वाटलं, सुटलो. पण काकूंची भीती कुठं गेली नव्हती, तिनं फक्त जागा बदलली होती. आता त्या स्वतःच्या अंगाकडं लक्ष ठेवायला लागल्या. शिंक आली की थबकायच्या. पायात काटा रुतला तर मला दाखवायच्या, "आईची शिक्षा हीच असंल का?" दाढ दुखली तेव्हा तर मोठ्या आशेनं बसल्या होत्या. दाढ बरी झाली आणि बाई हिरमुसल्या. सकाळी बार्शीचं पत्र आलं की उघडायची हिंमत नसायची. मी उघडायची, आणि "बाळ ठीक हाय" असं न म्हणता "काय विशेष न्हाय" म्हणायची. तेवढं मी शिकले होते.

पुढं माझ्या नवऱ्याची बदली झाली, आम्ही सोलापूर सोडलं. काही वर्षांनी दिवाळीला मंगळवेढ्याला आले होते तेव्हा कळलं की काकू अंथरुणाला खिळल्या आहेत. मी एसटीनं गेले. उजवी बाजू पूर्ण गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, बोलणं अडखळत होतं. दगडी मुलाला घेऊन येऊन राहिली होती. डॉक्टर म्हणतात रक्तदाब होता, मीठ खाऊ नका म्हणून सांगितलं होतं, ऐकलं नाही, असं सांगताना तिचे डोळे वाहत होते.

काकूंनी डाव्या हातानं मला जवळ ओढलं. त्या हातात ताकद होती.

"आई आली बघ," त्या म्हणाल्या. "लई वर्सं लावली गं. मला वाटलं, इसरली. मला इसरली आन्‌ त्याच्याकडं गेली तर, म्हणून जीव नुसता टांगल्याला." थोडा वेळ दम घेतला. "आता फिटलं."

रक्तदाब, मीठ, हे मलाही कळत होतं. पण त्या खाटेवर वाकड्या तोंडाची जी बाई पडली होती तिच्या डोळ्यांत भीतीचा टिपूस नव्हता, आणि तिला काय सांगून मी ती परत आणायची? मी नुसती मान हलवली.

तेवढ्यात नातू अंगणातून पळत आत आला. घामाघूम, गुडघे फुटलेले, हातात विटीदांडू. काकूंनी माझा हात घट्ट दाबला. "ह्याला कुनी सांगू नगा," त्या घाईनं म्हणाल्या. "जलमभर भीत बसंल."

तो खाटेशी येऊन उभा राहिला. आजीच्या तोंडाकडं निरखून बघितलं. "आज्जी, तुला काय झालंय गं?"

"काय न्हाय रं," काकू म्हणाल्या. "न्हाणीत पाय घसरला."

"बघून चालावं की," तो म्हणाला, आणि विटी घेऊन पुन्हा उन्हात पळाला.